शर्टावरचा 'बी' गट

आपल्याकडे साधारण तीन माणसांत एकाचा रक्तगट 'बी' असतो. माझ्या पक्षकाराची जन्मठेप ज्या पुराव्यावर टिकून होती, तो एका ओळीत मावत होता: शर्टावर मानवी रक्त, गट 'बी', मयताचा रक्तगट 'बी'.

मी उच्च न्यायालयात फौजदारी अपिलं चालवते. त्यातली बरीचशी विधी सेवा समितीकडून येतात, म्हणजे वकील न परवडणाऱ्या कैद्यांची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क दिलाय, उत्पन्न कितीही असो. हे अपील २०१४ पासून पडून होतं. घरच्यांकडून फी येईना म्हणून आधीच्या वकिलांनी काम सोडलं आणि २०२३ मध्ये समितीनं ते माझ्याकडे दिलं.

खटला ऊसतोडीच्या फडातला. २०११ च्या हंगामात एका मुकादमाचा खून झाला. कोप्यांपासून, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांपासून, हाकेच्या अंतरावर, तोडलेल्या सरीत, सकाळी त्याचं प्रेत सापडलं; मानेवर आणि खांद्यावर धारदार हत्याराचे वार होते. माझा पक्षकार त्याच टोळीतला. घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटली की नाही यावरून दोघांची आदल्या संध्याकाळी बाचाबाची झाली होती आणि ती सगळ्या टोळीनं ऐकली होती. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. खून होताना पाहणारा कुणी नव्हता, म्हणून सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा राहिला. भांडण झालं होतं. रात्री दोघांना बांधावर एकत्र पाहिलं असं एक साक्षीदार सांगत होता. आरोपीनं पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली, म्हणजे कोठडीत दिलेल्या माहितीवरून, कोयता काढून दिला होता, आणि त्याच्या अंगावरून शर्ट जप्त झाला होता. खटल्यात कोयत्याच्या जप्तीचे दोन्ही पंच फितूर झाले. बांधावर पाहिलं म्हणणाऱ्यानं उलटतपासात कबूल केलं की अंधार होता आणि त्याच्याकडे बॅटरी नव्हती. राहिला शर्ट. सत्र न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलं की साक्षीदार बदलतील, पण शास्त्र बदलत नाही, आणि जन्मठेप दिली.

हे शास्त्र म्हणजे काय होतं, ते मी पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांची अपिलासाठी केलेली बांधणी, उघडून पाहिलं. आमच्या कोर्टांत त्याला सीए रिपोर्ट म्हणतात, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. दोन पानांचा कागद. जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम २९३ मुळे विश्लेषकाला साक्षीला न बोलावताही तो पुराव्यात वाचता येतो आणि बहुतेक खटल्यांत तसाच वाचला जातो. या खटल्यातही विश्लेषक आले नव्हते, त्यांना एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. तक्त्यात चार ओळी होत्या. मयताचे कपडे: मानवी रक्त, गट 'बी'. आरोपीचा शर्ट: मानवी रक्त, गट 'बी'. कोयता: मानवी रक्त, गटाबाबत निष्कर्ष नाही. आरोपीच्या रक्ताचा नमुना: गटाबाबत निष्कर्ष नाही.

सगळा खटला त्या चौथ्या ओळीत होता, आणि निकालपत्रात तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. ज्याच्या अंगावरचा शर्ट, त्याचाच गट माहीत नाही. मग शर्टावरचं रक्त त्याचं स्वतःचं नाही हे कशावरून?

आरोपपत्रासोबतचे सगळे पंचनामे पुन्हा वाचून काढले. अटक पंचनाम्यात, अंगावरच्या खुणांच्या रकान्यात, हवालदाराच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ कापल्याची जखम, खपली धरलेली.' ऊस तोडणाऱ्याच्या हाताला अशी जखम असणं यात नवल काही नाही. पाचटानं हात चिरतात, कोयता निसटतो, चिंधी बांधून माणूस पुढच्या सरीला लागतो. कलम ३१३ च्या जबाबात, म्हणजे न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात तेव्हा, तोही हेच बोलला होता: 'शर्टावर माझे रक्त आहे. हाताला कोयता लागला होता.' निकालपत्रानं या उत्तराला 'बचावासाठी नंतर सुचलेली सबब' म्हटलं होतं. सबब नंतरची आणि जखमेची नोंद अटकेच्या दिवशीची.

तुरुंगातल्या दवाखान्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, तेव्हाच्या तपासण्यांचे कागद मी अधीक्षकांकडे रीतसर अर्ज करून मागवले. रक्तगट: 'बी' पॉझिटिव्ह.

एवढ्यानं अपील जिंकता आलं असतं, असं काही सहकारी म्हणाले. मला ते पुरेसं वाटलं नाही. 'बी' गट मयताचाही होता आणि आरोपीचाही. म्हणजे शर्ट दोघांपैकी कुणाचंही रक्त सांगत नव्हता. संशयाचा फायदा मिळाला असता कदाचित, आणि मिळाला नसता तरी आश्चर्य वाटलं नसतं. रक्तगटांचे मुख्य प्रकार चारच. डीएनए तपासणीत माणसाच्या गुणसूत्रांवरच्या पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त ठिकाणी किती वेळा तोच तुकडा पुन्हा पुन्हा आलाय हे मोजतात, आणि सगळ्या ठिकाणचे आकडे दोन परक्या माणसांत जुळणं जवळजवळ अशक्य असतं. शर्टावरचं रक्त कुणाचं, या प्रश्नाला आता सरळ उत्तर मिळू शकत होतं. माणूस तुरुंगात असताना तो प्रश्न न विचारणं मला पटेना.

पण आधी त्याला विचारायचं होतं. जाळीपलीकडून मी त्याला समजावून सांगितलं की तपासणीचा निकाल आपल्या हातात नसतो. मयताचं रक्त निघालं तर अपील तिथंच संपेल आणि पुढं कुठलीच वाट उरणार नाही. तो म्हणाला, "ताई, माझंच रगत हाय ते. तवाबी जज्जसाहेबाला सांगितलं व्हतं." मग म्हणाला, "पण शर्ट ठिवलाय का अजून?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक फौजदारी निकालपत्राच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: 'मुद्देमाल मूल्यहीन असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावा.' दागिने असले तर मालकाला परत, रोकड असली तर सरकारजमा, आणि रक्ताचे कपडे, माती, केस, काठ्या मूल्यहीन. अपील दाखल झालं तर ते निकाली निघेपर्यंत मुद्देमाल ठेवायचा असतो. पण खालच्या न्यायालयाच्या मुद्देमाल रजिस्टरात उच्च न्यायालयातल्या अपिलाचा नंबर कुणी चढवला नसेल तर नाझराला, म्हणजे मुद्देमाल सांभाळणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याला, ते कळणार कसं? त्याच्या दृष्टीनं दहा वर्षांचं जुनं गाठोडं, खोलीत जागा नाही, वरून आवराआवरीचं परिपत्रक.

मी त्या जिल्ह्याच्या न्यायालयात गेले. नाझर विभागातल्या कारकुनानं रजिस्टर काढलं, बोट फिरवत नोंद शोधली आणि म्हणाला, "मॅडम, हे यादीत आहे. यादी साहेबांच्या सहीला गेलीय." कसली यादी? नष्ट करायच्या मुद्देमालाची. त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. उलट मी अपिलाचा नंबर दाखवल्याबरोबर त्यानं नोंदीसमोर पेन्सिलीनं खूण केली आणि अर्ज कुणाच्या नावानं द्यायचा तेही सांगितलं. त्याच आठवड्यात मी उच्च न्यायालयात तातडीचा अर्ज टाकला आणि मुद्देमालाला हात लावू नये असा आदेश मिळवला. डीएनएचा अर्ज मी त्यानंतर लिहायला घेतला. क्रम असाच हवा, हे मी माझ्या ज्युनिअरना आग्रहानं सांगते. शास्त्र कितीही पुढं गेलं तरी ते जळालेल्या शर्टावर चालत नाही.

आता कायद्याचा भाग. शिक्षा झालेल्या माणसाला नव्या शास्त्रीय तपासणीची मागणी करता येईल असा वेगळा कायदा भारतात नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत शिक्षेनंतरच्या डीएनए तपासणीचे कायदे आहेत. टेक्सासनं तर २०१३ मध्ये त्याही पुढं जाऊन कलम ११.०७३ आणलं: खटल्याच्या वेळी उपलब्ध नसलेला शास्त्रीय पुरावा आता मिळत असेल, आणि तो तेव्हा ज्युरीपुढं आला असता तर शिक्षा झाली नसती असं दिसत असेल, तर शिक्षेलाच आव्हान देता येतं. तो कायदा नील रॉबिन्स नावाच्या माणसाच्या खटल्यानंतर आला. बाळाचा मृत्यू खून आहे असं सांगणाऱ्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनंच पुढं स्वतःचं मत बदललं, तरी २०११ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं दाद दिली नव्हती. नव्या कायद्याखाली २०१४ मध्ये दिली. कायदा असला म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. त्याच राज्यात रॉबर्ट रॉबर्सन यांची फाशी २०२४ च्या आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, दोन्ही वेळा अगदी शेवटच्या टप्प्यात थांबली; तिथं वाद आहे तो बाळाला जोरजोरानं हलवल्यानं मृत्यू होतो या वैद्यकीय सिद्धांताच्या खरेपणाचा. पण निदान शास्त्र बदललं म्हणून कोर्टाचं दार वाजवायला तिथं एक कलम आहे.

आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे सीआरपीसीचं कलम ३९१, तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम ४३२. अपील न्यायालयाला अतिरिक्त पुरावा 'आवश्यक' वाटला तर ते कारणं नोंदवून तो स्वतः घेऊ शकतं किंवा खालच्या न्यायालयाला घ्यायला सांगू शकतं. ही वाट अपील प्रलंबित असेपर्यंतच. सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळल्यावर उरतो फेरविचार अर्ज, मग २००२ पासून क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावरची शेवटची दाद, आणि दोन्ही इतक्या अरुंद की त्यात प्रयोगशाळेचा नवा अहवाल घेऊन शिरणं फार कठीण. मग राहते दयेची याचिका, आणि दया ही निर्दोष माणसानं मागायची गोष्ट नव्हे.

२०२४ च्या सुरुवातीला माझा अर्ज सुनावणीला आला. सरकारी वकिलांनी तयारी चांगली केली होती. पहिला आक्षेप रामभाऊ विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००१: कलम ३९१ हा अपवाद आहे, खटल्यातली भोकं बुजवायचं साधन नव्हे. दुसरा अगदी ताजा, त्याच वर्षीच्या जानेवारीतला अजितसिंह राठोड यांचा निकाल: खटला चालू असताना प्रयत्न करूनही जो पुरावा आणता आला नाही किंवा नंतरच उजेडात आला, त्याच्यासाठीच हे कलम. चेकच्या खटल्यातल्या त्या आरोपीनं सहीची हस्ताक्षरतज्ज्ञाकडून तपासणी अपिलात मागितली होती आणि ती नाकारली गेली. सरकारी वकील म्हणाले, डीएनए काही काल निघालेलं नाही. २०११ मध्ये देशात ही तपासणी होत होती. मग आज हे नवं कसं?

खंडपीठानंही मला हेच विचारलं, आणि खरा वाद इथंच होता. देशातल्या प्रयोगशाळेत एखादी तपासणी होत असणं वेगळं आणि ती कोठडीतल्या ऊसतोड कामगाराच्या हाती असणं वेगळं. शर्ट पोलिसांच्या ताब्यात, नमुना पोलिसांनी घेतलेला, प्रयोगशाळेला काय तपासायचं ते सांगणारं पत्र पोलिसांचं. आरोपीला प्रयोगशाळेला एक ओळ लिहायचीही सोय नाही. त्यानं जे करता येत होतं ते केलं: न्यायाधीशांना सांगितलं की रक्त माझं आहे. त्यावर तपास करणं हे तपास यंत्रणेचं काम होतं. राठोड यांच्या खटल्यात बँकेकडची सही मिळवणं आरोपीला शक्य होतं आणि त्यानं ते वेळेत केलं नाही. इथं पुराव्याची किल्लीच दुसऱ्याच्या खिशात होती. शिवाय कलमात शब्द 'आवश्यक' हा आहे, 'नवा' हा नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटला. इतकी वर्षं पडून असलेल्या कपड्यांशी कुणी छेडछाड केली नाही कशावरून? खटल्यात तोच शर्ट साक्षीदारांनी हातात घेऊन ओळखला होता. मी सुचवलं की पाकीट न्यायाधीशांसमोर, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर उघडावं, व्हिडिओ काढावा, सील आणि लेबलं आधीच्या नोंदींशी ताडून पाहावीत, आणि काही संशयास्पद दिसलं तर तपासणी तिथंच थांबवावी.

या सुनावणीला मयताचा मुलगा आला होता. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता. आता तोच टोळी नेतो. मयताच्या घरच्यांशी मी स्वतः बोलणं योग्य नव्हतं, त्यामुळे त्याचं म्हणणं सरकारी वकिलांमार्फतच येणार होतं, आणि ते विरोधाचं असेल असं मी धरून चालले होते. न्यायमूर्तींनी त्यालाच पुढं बोलावून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, यानंच मारलं असं आम्हाला सांगितलंय. तपासा. यानं मारलं असंल तर ते बी कळंल." आणि तुलनेसाठी स्वतःचं रक्त द्यायचीही त्यानं तयारी दाखवली. त्या एका वाक्यानं दालनातलं वातावरण बदललं. अर्ज मंजूर झाला.

पाकीट उघडलं तो दिवस मला बारीकसारीक तपशिलासह आठवतो. खाकी कागदाचं जाड पाकीट, सुतळीनं बांधलेलं, लाखेचं सील कडेनं तडकलेलं पण जागेवर. लेबलावर गुन्हा नंबर, वस्तूचं वर्णन, दोन पंचांच्या सह्या. त्यातली एक अंगठ्याची. आत शर्ट. मूळचा फिकट निळा असावा. पुढच्या बाजूला आणि डाव्या बाहीवर पेनानं काढलेली वर्तुळं, आणि प्रत्येक वर्तुळाच्या मध्ये कापून घेतलेलं भोक: पहिल्या तपासणीत विश्लेषकांनी नमुने तिथून घेतले होते. प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ बाईंनी हातमोजे घालून डावी बाही हळूच उलटी केली. कफाच्या आतल्या शिवणीत तपकिरी, कडक झालेला डाग तसाच होता. शर्ट नीट वाळवून कागदात ठेवला होता म्हणून तो वाचला. शेजारच्या पाकिटातले मयताचे कपडे कुणीतरी ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते, ते बुरशीनं काळे पडले होते. म्हणून मयताच्या मुलाचं आणि पत्नीचं रक्त लागणारच होतं. मुलाच्या डीएनएतला आईकडून आलेला वाटा वजा केला की बापाकडचा उरतो. कोयता गंजून गेला होता.

माझ्या पक्षकाराचा नमुना तुरुंगातून नेऊन सरकारी रुग्णालयात घेतला गेला: ओळख फॉर्मवर फोटो, साक्षीदारांच्या सह्या, विशेष कागदावर रक्ताचे थेंब.

अहवाल यायला खूप वेळ लागला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. स्मरणपत्रं, तारखा, पुन्हा स्मरणपत्रं. त्याची आई दर महिन्याला शेजारणीच्या फोनवरून मला विचारायची, "वकीलबाई, आलं का कागूद?"

२०२५ मध्ये अहवाल आला. बाहीवरच्या आणि पुढच्या भागावरच्या डागांत मानवी रक्त. दोन्हींतून एकाच पुरुषाचा पूर्ण डीएनए नकाशा मिळाला. तो आरोपीच्या नमुन्याशी तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी जुळतो. मयताच्या पत्नी आणि मुलावरून काढलेल्या नकाशाचा अंशही सापडत नाही. कोयत्यावरून तपासणीयोग्य डीएनए मिळाला नाही.

अहवाल नुसता कागद म्हणून वाचला जाऊ नये, तज्ज्ञांची साक्ष व्हावी, असा आग्रह मीच धरला. पहिल्या वेळी अहवालाला कुणी प्रश्न विचारला नाही म्हणून तर हे सगळं घडलं होतं; आता अहवाल आपल्या बाजूचा आहे म्हणून त्याला प्रश्नांतून सूट द्यायची नाही. उच्च न्यायालयानं सत्र न्यायालयाला साक्ष नोंदवून पाठवायला सांगितलं. सरकारी वकिलांनी उलटतपासात नेमका प्रश्न काढला: शर्ट आरोपीचाच, तो घालत होता, घाम आणि कातडीच्या पेशी कापडाला लागतातच, मग शर्टावर त्याचा डीएनए मिळाला यात विशेष काय? मलाही हाच प्रश्न आधी पडला होता. तज्ज्ञांनी शांतपणे उत्तर दिलं. डीएनए रक्तातल्या पांढऱ्या पेशींत असतो, तांबड्या पेशींत नसतो. तरीही रक्ताच्या एका डागात कापडाला घासून लागलेल्या कातडीच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त डीएनए असतो. डाग मयताच्या रक्ताचा असता तर त्याचाच नकाशा ठळक आला असता आणि आरोपीचा फार तर खाली अंधूक दिसला असता. इथं डागात दुसऱ्या माणसाची खूणच नाही. आरोपीनं खून केला नाही असं अहवाल सांगतो का, असं विचारल्यावर ते म्हणाले, नाही. शर्टावरचं रक्त मयताचं नाही एवढंच सांगतो. असा तज्ज्ञ मिळणं हे भाग्य. आपल्या शास्त्राची हद्द कुठं संपते हे साक्षीच्या पिंजऱ्यात स्वतःहून सांगणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

शेवटच्या युक्तिवादाचा पाया जुनाच होता: शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितली आणि त्यांना पंचशील म्हटलं. साखळीतली प्रत्येक कडी पूर्ण सिद्ध व्हायला हवी. त्याच्या जोडीला अलीकडचे निकाल. २०२२ चा दिल्लीतला छावला खटला आणि २०२३ चा आपल्या राज्यातला प्रकाश निषाद खटला. दोन्हींत फाशीची शिक्षा उच्च न्यायालयापर्यंत कायम झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयानं नमुने कसे हाताळले गेले हे तपासून आरोपींना सोडलं. ते दोन निकाल डीएनएवर आंधळा विश्वास ठेवू नका असं सांगतात, आणि मी डीएनएवरच भिस्त ठेवून उभी होते. तरी मी ते मुद्दाम वाचले, कारण आमच्या पाकिटाचा प्रवास त्या कसोटीला उतरत होता. जुलै २०२५ च्या कट्टवेल्लई निकालात सर्वोच्च न्यायालयानं डीएनए नमुन्यांच्या ताब्याची सलग नोंद ठेवणारं रजिस्टर आणि ४८ तासांत नमुना प्रयोगशाळेत पोचवण्याचा नियम देशभर लागू केला, आणि खटला वा अपील प्रलंबित असताना न्यायालयाच्या आदेशाशिवाय पाकीट उघडू नये असंही सांगितलं. ते झालं नव्या नमुन्यांचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे शर्ट, साड्या, चादरी अजून मुद्देमाल खोल्यांत आहेत, त्यांच्याबद्दल कुठलाही नियम नाही.

खंडपीठानं अपील मंजूर केलं. शर्ट ही कडी तुटली, कोयत्याची जप्ती सिद्ध झाली नाही, आणि भांडण व अंधारातली ओळख यांवर जन्मठेप उभी राहू शकत नाही, असं निकालात म्हटलं. चौथ्या ओळीबद्दल एक संपूर्ण परिच्छेद आहे. तो वाचताना मला विलक्षण समाधान वाटलं आणि तितकाच रागही आला. ते प्रश्न २०१४ मध्ये कुणीही विचारू शकलं असतं.

तो सुटला तेव्हा त्याची आई आली होती, आणि एक तरुण मुलगी, त्याची लेक. अटकेच्या वेळी ती अंगावर पीत होती. तुरुंगात काम करून साठलेली मजुरी, दोन कपडे आणि सुटकेचा कागद एवढं घेऊन तो बाहेर आला. सरकारनं द्यायचं म्हणून आणखी काही नव्हतं. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा सुचवला होता. तो अजून झालेला नाही. वाट आहे ती रिट याचिकेची, १९८३ च्या रुदुल शाह निकालानं उघडलेली. ती मी तयार करते आहे.

मयताच्या मुलानं निकालानंतर सरकारी वकिलांना विचारलं म्हणे, मग माझ्या बापाला मारलं कुणी? त्याला उत्तर देणारं कुणी नाही. पहिल्याच महिन्यात शर्टाची नीट तपासणी झाली असती तर तपास दुसऱ्या दिशेनं वळला असता. चुकीच्या शिक्षेत दोन घरं बुडतात.

याच सुमारास माझ्याकडे दुसरं एक अपील होतं. त्यातही रक्तगट जुळल्यावरच शिक्षा, त्यातही आरोपी म्हणतो रक्त माझं. मुद्देमाल जपून ठेवण्याचा अर्ज केला तर उत्तर आलं: 'सदर मुद्देमाल नष्ट करण्यात आला असून पंचनामा सोबत जोडला आहे.' पंचनाम्याची तारीख २०१८ ची, आणि अपील त्याच्या आधीपासून प्रलंबित. तो माणूस अजून आत आहे. त्याच्यासाठी मी जुन्या कागदांवरच भांडते आहे.

ज्या घरातला कुणी अपिलात आहे, त्यांनी हे एक काम वकिलाकडून करून घ्यावं. निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचावा, आणि मुद्देमाल नष्ट करा असं लिहिलं असेल तर जपून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, सत्र न्यायालयातही आणि उच्च न्यायालयातही. तपासणी मागायची की नाही ते नंतर ठरवता येतं. खालच्या न्यायालयाच्या मुद्देमाल रजिस्टरात अपिलाचा नंबर चढला का, ते स्वतः जाऊन पाहावं. नाझर विभागात असं विचारणारं कुणी जात नाही, पण गेलं तर माणसं सांगतात.

आम्ही काही वकिलांनी मिळून उच्च न्यायालय प्रशासनाला निवेदन दिलं आहे: रक्त, केस, लाळ यांचे डाग असलेला मुद्देमाल, शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला तुरुंगात नोटीस बजावल्याशिवाय नष्ट करू नये, आणि ती नोटीस त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावी. त्यावर अजून निर्णय व्हायचा आहे.